पगार कामाचा, की वजनाचा?

समजा, पुढच्या महिन्याची पगाराची पावती हातात आली आणि भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर यांच्या खाली आणखी एक ओळ दिसली: ‘वजन जास्त, कपात 500 रुपये’. आधी आपल्याला ती चूक वाटेल, मग चेष्टा वाटेल. पण शेजारच्या टेबलावरच्या सडपातळ सहकाऱ्याच्या पावतीत ती ओळ नाही हे कळल्यावर मात्र हसू येणार नाही. काम दोघांचे तेच आणि वेळही तीच. फरक फक्त वजनकाट्यावरच्या आकड्याचा.

ही कल्पना वाटते तितकी दूरची नाही. आपल्याकडे विमानातील परिचारिकांना, म्हणजे हवाई सुंदरींना, वजनामुळे उड्डाणावरून उतरवण्यात आले आणि हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2007 मध्ये न्यायालयाने विमान कंपनीची बाजू मान्य केली. 2009च्या सुरुवातीला एअर इंडियाने दहाएक जणींना याच कारणावरून नोकरीतून काढले. 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केबिन कर्मचाऱ्यांसाठी बीएमआयच्या मर्यादा आखून दिल्या. 2023 मध्ये आसाम पोलीस दलाने सर्व पोलिसांचा बीएमआय मोजायचे ठरवले. तो 30च्या वर असणाऱ्यांना वजन उतरवण्यासाठी तीन महिने मिळणार होते आणि त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय पुढे केला जाणार होता. थायरॉइडसारखे वैद्यकीय कारण असणाऱ्यांना त्यातून वगळले होते.

अमेरिकेत हीच गोष्ट जरा मऊ भाषेत चालते. होल फूड्स या किराणा साखळीने 2010 मध्ये कर्मचाऱ्यांना मिळणारी खरेदीतील 20 टक्के सवलत आरोग्याच्या आकड्यांशी जोडली. बीएमआय 24च्या खाली आणि बाकीचे आकडेही चांगले, तर सवलत 30 टक्क्यांपर्यंत. सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने 2013 मध्ये सांगितले की वजन, साखर, चरबी आणि रक्तदाब यांची माहिती न देणाऱ्या कर्मचाऱ्याला आरोग्य विम्यासाठी वर्षाला 600 डॉलर जादा मोजावे लागतील. तिथल्या आरोग्य विमा कायद्याने 2014 पासून अशा योजनांतील बक्षीस किंवा दंड विम्याच्या खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा दिली. अट एवढीच, की ज्याला ते उद्दिष्ट गाठणे वैद्यकीय कारणाने शक्य नाही त्याला दुसरा मार्ग द्यावा.

मालकांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. वाढलेल्या वजनाबरोबर मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी यांचा धोका वाढतो, यात वाद नाही. आजार वाढले की रजा वाढतात आणि गट विम्याचा हप्ताही चढतो. तो हप्ता कंपनी भरते, म्हणजे अप्रत्यक्षपणे सगळे कर्मचारी भरतात. मग जो स्वतःची काळजी घेत नाही त्याने थोडा जास्त भार उचलला तर काय बिघडले? सिगारेट ओढणाऱ्याकडून विमा कंपन्या जास्त हप्ता घेतातच.

हा युक्तिवाद तीन गृहीतकांवर उभा आहे. दंड केला की वजन उतरते, वजन हे आरोग्याचे खात्रीचे माप आहे आणि वजन वाढणे ही ज्याची त्याची एकट्याची करणी आहे. तिन्ही एकेक करून तपासू.

दंडाने वजन उतरते का?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत 2013 ते 2015 या काळात हा प्रश्न थेट प्रयोगाने तपासला गेला. बीएमआय 30च्या वर असलेल्या 197 कर्मचाऱ्यांना वर्षभरात 5 टक्के वजन कमी करण्याचे उद्दिष्ट दिले. काहींना ते जमल्यास विम्याच्या हप्त्यात 550 डॉलरची सूट मिळणार होती, काहींसाठी रोजच्या सोडतीसारखे बक्षीस होते आणि एका गटाला काहीच नव्हते. वर्षाअखेरीस कोणत्याही गटाच्या सरासरी वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. पैशाचे आमिष लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत फरक दिसला नाही.

2019 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या घाऊक दुकान साखळीच्या सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 160 ठिकाणांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या 20 ठिकाणी आहार, व्यायाम आणि ताण यांविषयीचे कार्यक्रम दीड वर्ष चालवले. तिथले कर्मचारी ‘आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असे सांगू लागले. पण बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत ठळक फरक आढळला नाही.

सर्वांत मोठा प्रयोग जपानचा. 2008 पासून तिथे 40 ते 74 वयाच्या नागरिकांची कंबर दरवर्षी मोजली जाते. पुरुषांसाठी 85 सेंटिमीटर आणि महिलांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या आणि इतर धोके असणाऱ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला जातो. यात एक बाब नेहमी विसरली जाते. जपानमध्ये आर्थिक भुर्दंड व्यक्तीला नसतो, तो उद्दिष्ट न गाठणाऱ्या विमा संस्थांना असतो. तरीही परिणाम फार मोठा नाही. सुमारे 75 हजार पुरुषांच्या नोंदींवरून 2020 मध्ये असे दिसले, की सल्ल्यासाठी बोलावणे आलेल्यांचे वजन वर्षभरानंतर सरासरी 290 ग्रॅमने कमी भरले आणि तीन-चार वर्षांत तो फरकही विरून गेला.

शरीर आपले वजन राखून धरते

असे का होते? कारण वजन हे बँकेतल्या खात्यासारखे नाही, की कमी जमा केले आणि जास्त काढले की शिल्लक आपसूक घटेल. शरीराला उपाशी राहण्याची भीती हजारो पिढ्यांपासून ठाऊक आहे. वजन उतरू लागले की ते बचाव सुरू करते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले, की कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो वजन घटवलेल्या लोकांत भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचे सांगणारी संप्रेरके वर्षभरानंतरही बदललेलीच होती. त्यांची भूकही पूर्वीपेक्षा जास्त होती. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील 14 जणांचा सहा वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला. स्पर्धेत त्यांनी सरासरी 58 किलो घटवले होते, त्यातले 41 किलो परत आले. शिवाय त्यांचे शरीर नुसते बसून असताना त्या आकाराच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होते. एका जेवणाइतकी ही तूट ते रोज सोसत होते.

जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असेही दिसते, की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा 40 ते 70 टक्के भाग आनुवंशिक असतो. याचा अर्थ आहार-व्यायाम व्यर्थ आहेत असा मुळीच नाही. चालण्याने वजन एक किलोही उतरले नाही तरी साखर, रक्तदाब, झोप आणि मन सुधारते. पण सारखीच मेहनत करणाऱ्या दोघांपैकी एकाचा काटा हलतो आणि दुसऱ्याचा हलत नाही. दंड मात्र काट्याकडे पाहूनच लावला जाणार.

आता तर नवी इंजेक्शने आली आहेत. सेमाग्लुटाइडने साधारण सव्वा वर्षात सरासरी 15 टक्के वजन उतरल्याचे चाचण्यांत दिसले. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातले दोन तृतीयांश परत आले. म्हणजे पगार वाचवण्यासाठी महागडे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागेल आणि त्याचे पैसे त्याच पगारातून जातील. औषध घ्यायचे की नाही हा निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांचा आहे. त्यात मनुष्यबळ विभागाचे काम नाही.

काटा काय सांगतो आणि काय नाही

दुसरे गृहीतक वजन म्हणजे आरोग्य, हे. त्याला सर्वांत सुंदर उत्तर पुण्याने दिले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी सारखा. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसतो, पण त्याच्या शरीरात चरबी जास्त असू शकते, हे याज्ञिक अनेक वर्षे सांगत आले आहेत. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांना मधुमेह होतो तेव्हा नातेवाईक म्हणतात, ‘अरे, हा तर बारीक होता!’

बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागणे. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी 19व्या शतकात मोठ्या लोकसमूहांच्या वर्णनासाठी काढले. त्याला बीएमआय हे नाव 1972 मध्ये अन्सेल कीज यांनी दिले. समूहाचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे, पण त्यावरून एका माणसाचा निवाडा होत नाही. स्नायू किती, चरबी किती, ती पोटात की मांड्यांवर, हे त्याला कळत नाही. जानेवारी 2025 मध्ये 56 तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही हेच सांगितले. नुसत्या बीएमआयवर कोणाला लठ्ठपणाचे निदान चिकटवू नका. चरबीमुळे अवयवांच्या कामात बिघाड झाला आहे का ते पाहा. ज्यांच्यात झाला आहे ते रुग्ण. ज्यांच्यात झालेला नाही त्यांना धोका आहे, पण ते आजारी नाहीत.

विमानातल्या नियमाकडे या नजरेने पाहू. 2014च्या मर्यादांत पुरुषांसाठी 18 ते 25 आणि महिलांसाठी 18 ते 22 बीएमआय सामान्य मानला होता. उंची 160 सेंटिमीटर धरली तर पुरुषाला 64 किलोपर्यंत मोकळीक आणि तेवढ्याच उंचीच्या स्त्रीला 56 किलोला लगाम. आरोग्यासाठी भारतीय तज्ज्ञांनी सुचवलेली 23ची मर्यादा स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे. मग हा आठ किलोंचा फरक आला कुठून? त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही. गणवेशात बाई कशी दिसावी या अपेक्षेत मात्र सापडते.

पण काही कामांना दमसास लागतोच

हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अग्निशमन जवानाला जिना चढून माणूस खांद्यावर घेऊन उतरावे लागते. पोलिसाला पळावे लागते. केबिन कर्मचाऱ्याला आणीबाणीत दार उघडून प्रवाशांना काही क्षणांत बाहेर काढावे लागते. मग त्यांची तीच परीक्षा घ्यावी. ठरलेल्या वेळात धावून दाखवा, दार उघडून दाखवा, वजन उचलून दाखवा. जो दाखवील तो पात्र, मग त्याचा काटा काहीही म्हणो. आणि जो सडपातळ असून धापा टाकतो त्यालाही सूट नको.

ट्रक आणि बसचालकांचे उदाहरण याहून बोलके आहे. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, जाड माणसांत जास्त आढळतो. त्यामुळे दिवसा डुलकी लागते आणि रस्त्यावर जीव जातात. ही काळजी रास्त आहे. पण तिचे उत्तर झोपेची तपासणी आणि श्वास मोकळा ठेवणाऱ्या यंत्राचे उपचार हे आहे. नुसते वजन पाहिले तर हा विकार असलेला बारीक चालक निसटेल आणि तो नसलेला जाड चालक घरी बसेल. रस्ता काही सुरक्षित होणार नाही.

वजनात कामाच्या जागेचाही वाटा

तिसरे गृहीतक ‘ज्याची त्याची करणी’. इथे 1953 सालचा लंडनमधला एक जुना अभ्यास आठवतो. जेरी मॉरिस यांनी तिथल्या डबलडेकर बसच्या चालक आणि वाहकांची तुलना केली. दोघे एकाच बसमध्ये, एकाच पगारवर्गातले. पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता आणि झाला तरी त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी होते. नंतर मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. चालकांची कंबर मोठी होती आणि नोकरीला लागतानाही ती मोठीच होती. म्हणजे सगळा फरक नोकरीनेच घडवला असे नाही. पण जिन्याचा फायदा बारीक वाहकाला मिळाला तसा जाड वाहकालाही मिळाला. मुंबईत बेस्टच्या डबलडेकरमध्ये वाहकाला वर-खाली करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच पटेल.

आज आपल्यापैकी अनेक जण त्या चालकाच्या जागी आहेत. दिवसभर संगणकासमोर आणि त्यात रात्रपाळी. शिकागोत 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. दहा तास झोपू दिलेल्या रात्रींशी तुलना केली तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले होते, पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले होते आणि जाणवणारी भूक 24 टक्क्यांनी वाढली होती. आता कल्याणहून किंवा विरारहून पहाटेची लोकल पकडून रात्री दहाला घरी पोहोचणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याने व्यायाम कधी करावा आणि झोपावे कधी? ज्या कंपनीने पाळ्या लावल्या, बारा तास बसवून ठेवले, कॅन्टीनमध्ये समोसा आणि गोड चहाच ठेवला, तिनेच वर्षाअखेरीस त्याच्या पोटाचे माप घेऊन पगार कापावा, हा न्याय कोणता?

त्यात अपमानाची भर पडली की वजन उलट वाढते. इंग्लंडमधील सुमारे तीन हजार प्रौढांवरच्या 2014 मधील अभ्यासात, वजनावरून भेदभाव झाल्याचे सांगणाऱ्यांचे वजन चार वर्षांत सरासरी सुमारे एक किलोने वाढले, तर तसा अनुभव नसलेल्यांचे थोडे घटले. ज्याला सर्वांसमोर काट्यावर उभे केले जाते तो तपासणीच टाळू लागतो. मग मधुमेह उशिरा कळतो आणि ज्या खर्चाची मालकाला भीती होती तोच वाढतो.

कायदा आणि व्यवहार

आपल्या कायद्यात दंडाविषयी एक शहाणपणाची तरतूद 1936च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. कामगाराला दंड करायचा तर तो त्याच्या कृतीबद्दल किंवा हयगयीबद्दल, तीही आधी जाहीर केलेली आणि शासनमान्य असली पाहिजे. त्याला बाजू मांडण्याची संधी हवी आणि रक्कम वेतनाच्या 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. 2019च्या वेतन संहितेतही ही 3 टक्क्यांची मर्यादा आहे. सुरुवातीच्या पावतीतले 500 रुपये 15 हजार पगारातून कापले तर ती मर्यादाही ओलांडली जाते. दीड लाख पगाराच्या साहेबाला तेच 500 जाणवणारही नाहीत. मुळात शरीराचे वजन ही कृतीही नाही आणि हयगयही नाही. म्हणूनच असा दंड ‘दंड’ या नावाने क्वचितच येतो. तो ‘फिटनेस सवलत’, ‘वेलनेस पॉइंट’ अशा नावांनी येतो. पण सवलत न मिळणाऱ्याच्या दृष्टीने तो दंडच असतो.

काही ठिकाणी कायद्याने हा दरवाजा बंद केला आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात 1976 पासून नोकरीत वजनावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. न्यू यॉर्क शहराने 2023 मध्ये तसाच कायदा केला आणि ज्या कामाला खरोखरच विशिष्ट क्षमता लागते तिथे अपवाद ठेवला. आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत लठ्ठपणा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये देशातील 24 टक्के महिला आणि 22.9 टक्के पुरुषांचा बीएमआय 25 किंवा त्याहून अधिक होता. हा प्रश्न चारातल्या एकाचा आहे.

मग मालकाने हात बांधून बसावे का? नाही, त्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. वार्षिक तपासणीत साखर, रक्तदाब आणि कंबर जरूर मोजावी, पण अहवाल कर्मचारी आणि डॉक्टर यांच्यातच राहावा. तो वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ नये. रात्रपाळ्या आठवड्याला उलटसुलट फिरवू नयेत आणि दोन पाळ्यांमध्ये झोपेला पुरेसा वेळ सोडावा. कॅन्टीनमध्ये उसळ, भाकरी, ताक, फळे ही समोशापेक्षा स्वस्त ठेवावीत. तासाभराने उठून चालण्याला ‘कामचुकारपणा’ म्हणू नये. उपचारांची गरज असेल तर त्यांचा समावेश गट विम्यात करावा. यातल्या कशालाही कोणाचा पगार कापावा लागत नाही आणि याचा लाभ बारीक माणसालाही होतो. ज्याच्या बारीकपणामुळे त्याचा मधुमेह कोणाच्या लक्षातच आलेला नाही, त्याला तर सर्वांत जास्त.

कर्मचारी म्हणून आपणही एक करू शकतो. नोकरीवर रुजू होताना किंवा वार्षिक तपासणीच्या वेळी वजन विचारले गेले, तर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत: ही माहिती कोण पाहणार? ती माझ्या कामाशी कशी जोडलेली आहे? आणि त्यावरून माझ्या पगारावर, बढतीवर किंवा विम्यावर काही परिणाम होणार आहे का? उत्तर लेखी मागावे. वजनाची काळजी आपण जरूर घ्यावी, स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी. पण महिनाअखेरीस मालकाने मोजायचे असते ते आपले काम.